शेवटच्या गल्लीचा सेनापती

आप्पासाहेब गायके यांनी उभ्या आयुष्यात कुणाला साधी चापट मारली नव्हती, पण एका उन्हाळ्यात पंधरा दिवसांच्या आत ते नऊ लढाया हरले. सगळ्या लढाया पुंडलिकनगरमधल्या त्यांच्या बैठकीच्या खोलीत, प्लास्टिकच्या खुर्चीवर उशी टाकून, दुपारच्या जेवणानंतर झाल्या. प्रत्येक हारीनंतर ते चहा मागत आणि त्यांची बायको चतुराबाई तो देत असे. साखर मात्र दर लढाईला कमी होत गेली, असं आप्पासाहेबांचं म्हणणं होतं.

लढाईशी त्यांचा संबंध यावा असं त्यांच्या आयुष्यात काही घडलं नव्हतं. बत्तीस वर्षं ते महानगरपालिकेत पाण्याचे लाइनमन होते. लाइनमन म्हणजे रस्त्यातल्या चेंबरचं झाकण उचलायचं, लांब दांड्याची लोखंडी चावी आत घालायची, व्हॉल्व्ह फिरवायचा आणि कोणत्या गल्लीला किती वेळ पाणी जाईल ते ठरवायचं. बाहेरगावचा माणूस या शहरात राहायला आला की त्याला पहिले काही महिने कळत नाही, लोक एकमेकांना नमस्कार करायच्या आधी ‘आज आपला दिवस आहे का’ असं का विचारतात. दिवस म्हणजे पाण्याचा दिवस. तो सोमवार-मंगळवारावर चालत नाही, लाइनमनवर चालतो.

आप्पासाहेबांची कामाची एक रीत होती आणि तिच्यासाठी ते खात्यात बदनाम होते. इतर लाइनमन पाणी डोक्याकडून सोडत, म्हणजे टाकीजवळच्या पहिल्या गल्लीपासून. पहिल्या गल्लीतली माणसं मोटारी लावून पाणी ओढत, अंगण धुवत, गाडी धुवत, आणि शेवटच्या गल्लीतला नळ नुसता फुसफुसून गप्प बसे. आप्पासाहेब वरच्या सगळ्या गल्ल्या बंद करून आधी शेवटच्या गल्लीला द्यायचे, मग मागे मागे येत डोक्यापर्यंत. प्रत्येक गल्लीला पाऊण तास. नगरसेवकाच्या गल्लीला पाऊण तास आणि नगरसेवकाच्या विरोधात पडलेल्याच्या गल्लीलाही पाऊण तास. स्वतःच्या गल्लीचा नंबर त्यांनी सगळ्यांच्या नंतर ठेवला होता, म्हणजे कुणी बोलायला नको. कुणी बोललं नाही. चतुराबाई बोलल्या, पण त्या घरातल्या होत्या.

दुसरी गोष्ट म्हणजे त्यांचा नकाशावर विश्वास नव्हता. खात्याच्या नकाशात जिथं पाइप दाखवलेला असे तिथं खणलं तर मुरूम लागे, आणि जिथं काही दाखवलेलं नसे तिथं खड्डा घेतला की कारंजं उडे. साहेब नकाशा घेऊन आले की आप्पासाहेब एवढंच म्हणत, “नकाशात नाय म्हंजे नसंलच असं नाय.” आणि चेंबर शोधायला चालू लागत. बहुतेक वेळा ते सापडत असे.

ते निवृत्त झाले त्याच्या तिसऱ्या वर्षी पावसानं पाठ फिरवली. जायकवाडीचा तळ दिसायला लागला आणि पाण्याचा दिवस चौथ्यावरून सहाव्यावर, सहाव्यावरून आठव्यावर गेला. शहर मात्र वाढायचं थांबलं नव्हतं. पडेगावच्या अंगाला, गारखेड्याच्या मागे, जिथं काल ज्वारी होती तिथं आज प्लॉटचे पांढरे दगड आणि ‘निसर्गाच्या सान्निध्यात’ अशी पाटी. पाटीवर झाड आणि कारंजं असे. कारंज्याला पाणी कुठून येणार हे पाटीवर नसे.

अशा वर्षी त्यांची एकुलती एक मुलगी मोनिका घरी बसून वॉशिंग मशीनच्या माहितीपुस्तिका मराठीत करत होती. ‘यंत्र चालू असताना नळ पूर्ण उघडा ठेवावा’ असं वाक्य तिनं त्या उन्हाळ्यात चार कंपन्यांसाठी लिहिलं. मुलगी पंचवीस वर्षांची, हुशार, आणि कंटाळलेली. पंचवीस एप्रिलच्या सकाळी तिला पुण्याच्या एका कंपनीचं पत्र आलं.

ही कंपनी कॉम्प्युटरवरचे खेळ मराठीत आणत होती. त्यातला एक खेळ लष्करी डावपेचांचा होता आणि अवघड म्हणून जगभर वाखाणला गेला होता. शंभर तास खेळूनही पहिली मोहीम जिंकता आली नाही, असं लोक इंटरनेटवर छाती पुढं काढून लिहीत. त्या खेळासाठी नवशिक्यांना सूचना लिहिणारं माणूस कंपनीला हवं होतं. परीक्षा अशी, की दोन पानांत सूचना लिहायच्या. मग ज्यानं जन्मात असला खेळ खेळला नाही असा माणूस शोधायचा, त्याच्या हातात ती दोन पानं द्यायची आणि त्यानं पहिली मोहीम जिंकून दाखवायची. हरला तर पानं बदलून पुन्हा बसवायचं, कितीही वेळा. पण खेळ चालू असताना लिहिणाऱ्यानं त्याच्या शेजारी बसायचं आणि तोंडातून शब्द काढायचा नाही. कॅमेरा चालू ठेवायचा, दोघांनी जागेवरून उठायचं नाही, आणि जिंकलेल्या डावाचं रेकॉर्डिंग पंधरा मेच्या संध्याकाळी पाचच्या आत पाठवायचं. जमलं तर नोकरी, पुण्यात.

जन्मात न खेळलेला माणूस शोधणं वाटलं तेवढं सोपं नव्हतं. मोनिकाच्या वयाचे सगळे बाटलेले होते. चतुराबाईंनी चष्मा नाही हे कारण सांगितलं आणि तो कपाळावर सरकवला. शेजारी श्रीनिवासराव राहत, बँकेतून निवृत्त झालेले. ते आनंदानं आले. पहिल्या दिवशी त्यांनी लाल पेन मागून घेतलं आणि पानांवर दुरुस्त्या केल्या. दुसऱ्या दिवशी पानिपतावर नेमकं काय चुकलं ते दीड तास सांगितलं. माउसला त्यांनी हात लावला नाही.

“आप्पा, तुम्ही कधी असला गेम खेळलात?” मोनिकानं विचारलं.

“मोबाइलवर येकदा आपोआप लागला हुता. बंद केला.”

“मग तुम्हीच पाहिजे.”

“मला त्यातलं काय कळतंय?”

“काहीच नाही. म्हणून तर.”

“मंग ठीकय,” आप्पासाहेब म्हणाले. हे कारण त्यांना पटलं. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, “अन् जिंकलो तर तू पुण्याला?”

“हो.”

“रोज जाऊन येऊन जमायचं नाय.”

“कसं जमेल, आप्पा?”

“बरं,” आप्पासाहेब म्हणाले आणि उशी आणायला उठले. तिनं जाऊ नये असं त्यांना वाटत होतं. ती घरात असली की घरात कुणीतरी आहे असं वाटायचं. चतुराबाई होत्याच, पण चतुराबाईंची सवय झाली होती. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही, कारण सांगून काही होणार नव्हतं आणि सांगणं त्यांच्या कामाच्या रीतीत बसत नव्हतं.

खेळाचं नाव इंग्रजी होतं. आप्पासाहेबांनी ते शेवटपर्यंत उच्चारलं नाही. ते त्याला ‘लष्कर’ म्हणत. लष्करात पडद्यावर एक इलाखा दिसे. त्यात एक नदी, नदीवर एक पूल, पलीकडे एक गाव. अलीकडे आपलं कोठार, आपल्या नऊ तुकड्या आणि आजूबाजूला कुणीही घ्यावीत अशी मोकळी गावं. कोठारातून रोज ठरावीक रसद निघे, ती तुकड्यांना वाटायची, तुकड्यांना हुकूम द्यायचे आणि ‘दिवस संपला’ असं बटण दाबायचं. मग शत्रू त्याच्या मनाला येईल तसं वागे. पंधराव्या दिवसाच्या आत पूल ओलांडून पलीकडचं गाव घ्यायचं, एवढंच. तुकड्यांना हवं तर नावं देता येत. आप्पासाहेबांनी आठ तुकड्यांना नंबरच राहू दिले. सातवीला मात्र त्यांनी एका बोटानं, चार मिनिटं घेऊन, ‘मोनी’ असं नाव दिलं. मोनिकानं ते पाहिलं आणि नियमाप्रमाणे काही बोलली नाही.

मोनिकाच्या पानावरची पहिली सूचना होती, ‘आधी शत्रू कुठं आहे ते शोधा.’ आप्पासाहेबांनी ती ओळीखाली बोट ठेवून मोठ्यानं वाचली, परिपत्रक वाचावं तशी. मग पडद्याकडे बघून म्हणाले, “ते बघू. आधी पाणी कुठून यायलंय?” अर्धा तास त्यांनी कोठार बघण्यात घालवला. मग दोन घोडेस्वार रस्ते तपासायला पाठवले. शत्रूकडे नाही, आपल्याच रस्त्यांवर. नकाशात पूल दाखवलाय तिथं तो खरंच आहे का, हे त्यांना बघायचं होतं. होता. त्याचं त्यांना आश्चर्य वाटलं.

मग त्यांनी तुकड्यांना दिवस लावून दिले. पहिल्या तिघींना आज, पुढच्या तिघींना उद्या, राहिलेल्या तिघींना परवा. सहाव्या दिवशी पाचवी तुकडी नदीकाठी शत्रूशी भिडली. तिच्याकडे ना दाणा ना दारूगोळा, आणि कोठार भरलेलं. आप्पासाहेब शांतपणे बघत राहिले. तुकडी कापली गेली.

“तिचा दिवस उद्या नाय, परवा हुता,” ते हळहळले. मोनिकानं ओढणीचं टोक तोंडात धरलं.

मोहीम सातव्या दिवशी संपली. संध्याकाळी मोनिकानं पान बदललं: ‘लढणाऱ्या तुकडीला रसदीचा दिवस ठरवून देऊ नका. तिला रोज द्या.’ जगातल्या कुठल्याही भाषेत ही सूचना कुणाला लिहावी लागली नसेल. आप्पासाहेबांनी ती वाचली, विचार केला, आणि दुसऱ्या दिवशी नऊच्या नऊ तुकड्यांना रोज सारखं वाटलं. आता कुणीच उपाशी मेलं नाही. सगळेच अर्धपोटी हरले.

तिसरं पान, चौथं पान. ‘सगळ्यांना सारखं देऊ नका’ ही ओळ आली तेव्हा आप्पासाहेबांनी माउसवरचा हात काढला.

“सारखं द्यायचं नाय? बत्तीस वर्षं म्या काय केलं मंग?”

कॅमेरा चालू होता. मोनिकानं छताकडे पाहिलं. आप्पासाहेबांनी त्या दिवशी खेळायचं नाकारलं आणि ते पाठ करून झोपले. झोप लागली नाही, हे सगळ्यांना दिसत होतं.

राखीव तुकडीचंही असंच. पहिल्याच पानावर मोनिकानं लिहिलं होतं, ‘एक तुकडी कोठाराजवळ राखीव ठेवा.’ ही एकच सूचना आप्पासाहेबांनी तंतोतंत पाळली. ‘मोनी’ कोठाराच्या दारात बसली ती बसलीच. सैन्य संपे, पूल जाई, शत्रू अंगणात येई. ‘मोनी’ पोटभर खाऊन जागेवर. तेव्हा मोनिकानं लिहिलं, ‘राखीव तुकडी कायमची बसवून ठेवू नका. वेळ आली की पाठवा.’ आप्पासाहेब हे दर खेपेला वाचत, मान डोलवत आणि वेळ येण्याची वाट बघत.

सहावी लढाई हरले त्या संध्याकाळी चतुराबाई चहा घेऊन आल्या आणि कप टेबलावर जरा जोरात ठेवला.

“तुमी मुद्दाम हरायलात.”

“मी?”

“पोरगी पुण्याला जाईल म्हणून. मला काय कळत नाय व्हय?”

“कायबी बोलतीस,” आप्पासाहेब म्हणाले. त्यांना फार राग आला. आरोप खोटा होता म्हणून नव्हे. तो खोटा आहे याची त्यांना स्वतःलाच खात्री देता येईना म्हणून. चहा अगोड होता, पण तो विषय त्यांनी त्या दिवशी काढला नाही.

दुसऱ्या दिवशी, सात मेला, पाण्याचा दिवस होता. आप्पासाहेब सकाळीच बाहेर पडले आणि सवयीनं शेवटच्या गल्लीपर्यंत चालत गेले. तिथं कडूबाई रिकाम्या घागरींपाशी बसल्या होत्या. साठीच्या, तोंडानं फटकळ, आणि आप्पासाहेबांना भाऊ मानणाऱ्या.

“आप्पासाहेब, तुमी गेले अन् आमचा नळ बोलनाच,” त्या म्हणाल्या. “कामून असं झालं वो?”

नवा लाइनमन चेंबरपाशी उभा होता. भला माणूस होता आणि घामानं भिजला होता. त्यानं खिशातली यादी दाखवली. आप्पासाहेबांच्या वेळी त्या लाइनवर नऊ गल्ल्या होत्या. आता सतरा. आठ नव्या, सगळ्या मागच्या मोकळ्या रानात वसलेल्या, आणि सगळ्या त्याच पाइपावर जोडलेल्या.

“लाइन बदलली?”

“नाय. लाइन तीच.”

“शेपटाकडून देऊन बघितलं?”

“बघितलं की. कोणतं शेपूट? दर महिन्याला नवं फुटायलंय.”

आप्पासाहेब यादी हातात घेऊन उन्हात उभे राहिले. दोष या माणसाचा नव्हता. सारखं वाटा, नाहीतर वेडंवाकडं वाटा, सतरा गल्ल्यांना नऊ गल्ल्यांचं पाणी पुरणारच नव्हतं. चूक वाटपात नव्हती. चूक त्याच्या कितीतरी आधी, गल्ल्या घेताना झाली होती. ते तिथून घरी आले ते चपला न काढता मोनिकापुढं उभे राहिले.

“लिही,” ते म्हणाले. कॅमेरा बंद होता, त्यामुळे बोलायला हरकत नव्हती. “लष्करात मी रोज गावं घ्यायलो. मोकळं दिसलं की घेतलं. अकरा गावं घेतो, अन् मंग आतली रसद पुरंना म्हणून रडतो. तर लिही. नवं गाव घ्यायच्या आधी कोठारातली गाडी तिथवर जाऊन दिवस मावळायच्या आत वापस येती का, ते बघा. येत नसंल तर ते गाव आपलं नाय. नकाशात आपल्या रंगाचं दिसतंय, तेवढंच.”

मोनिका लिहीत होती. “आणखी?”

“कोठारापासून मोजू नका. सगळ्यात लांबची तुकडी कोणती, तिच्यापासून मोजायला लागा. तिला पुरलं तर मधल्यांना पुरतं. अन् पुरत नसंल तर मागं या. मागं यायला लाजू नका.”

“आप्पा, हे इंटरनेटवर कुणीच सांगत नाही.”

“त्यायच्या नळाला रोज पाणी येत असंल.”

त्यानंतरच्या लढाया वेगळ्या झाल्या. आप्पासाहेबांनी हाती आलेल्या अकरा गावांपैकी सात सोडून दिली. शत्रूनं ती आनंदानं घेतली आणि मग त्यालाच ती पोसता येईनात. सातवी लढाई अकराव्या दिवसापर्यंत टिकली, आठवी तेराव्या. मोनिकाची दोन पानं आता निम्मी आप्पासाहेबांची होती, आणि ती पानं वाचायला आप्पासाहेब पूर्वीइतकंच बोट लावत, जणू दुसऱ्याच कुणाची आहेत. तेरा तारखेला नववी लढाई झाली. त्या दिवशी ते पुलाच्या तोंडापर्यंत पोचले. पूल घ्यायला एक तुकडी कमी पडली. एकच. खेळातल्या चौदाव्या दिवशी सगळं गेलं, आणि पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात, कोठाराच्या दारात, ‘मोनी’ बसून होती.

चतुराबाई लसूण सोलत होत्या. त्यांना त्या खेळातलं काही कळत नव्हतं.

“ती येक कामून बसलीय?” त्यांनी विचारलं.

आप्पासाहेबांनी चहा मागितला. मोनिकानं त्या संध्याकाळी पान काढलं, राखीव तुकडीच्या ओळीवर पेन धरलं, आणि काही न बदलता पान परत ठेवून दिलं. नोकरी गेली तर वॉशिंग मशीन होतंच. ती तसं म्हणाली नाही. पण रात्रीच्या जेवणाला तिनं एकच भाकरी खाल्ली, आणि आप्पासाहेबांनी ती मोजली.

पंधरा तारीख पुन्हा पाण्याचा दिवस. पाणी संध्याकाळी यायचं होतं, म्हणून दुपारी दीडला रेकॉर्डिंग लावलं. आप्पासाहेबांनी धुतलेला सदरा घातला होता. लष्करातल्या आठव्या दिवसापर्यंत सगळं जागच्या जागी होतं: चार गावं, आखूड रस्ते, लांबच्या तुकडीचं पोट भरलेलं. आणि सव्वादोनला, वेळेच्या तीन तास आधी, अंगणातला नळ खाकरला.

या घराचा एक नियम होता. पाणी आलं की हातातलं सगळं सोडायचं. मोनिकाची बारावीची परीक्षा होती तेव्हाही तो पाळला होता. मोटार आप्पासाहेबांची, बादल्या मोनिकाच्या, पिंप आणि हंडे चतुराबाईंचे. तिघं लागत तेव्हा कुठं पाऊण तासात आठ दिवसांचं पाणी घरात येई. पण उठायचं नाही हा कंपनीचा नियम होता, आणि कॅमेऱ्यावर लाल ठिपका जळत होता. चतुराबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं.

“खेळा,” त्या म्हणाल्या आणि पदर खोचून बाहेर गेल्या.

पुढचा पाऊण तास त्या रेकॉर्डिंगमध्ये लढाईच्या आवाजाच्या मागे हंड्यांचे, बादल्यांचे आणि एका बाईच्या धापेचे आवाज आहेत. आप्पासाहेब दोनदा उठायला झाले आणि दोनदा बसले. तेराव्या दिवशी ते पुलाच्या तोंडाशी होते. तुकडी एक कमी. तीच, परवाचीच जागा.

त्यांनी पान घेतलं. ओळीखाली बोट ठेवून मोठ्यानं वाचलं, “राखीव तुकडी कायमची बसवून ठेवू नका. वेळ आली की पाठवा.” मग पान ठेवलं. चष्मा काढला, सदऱ्यानं पुसला, परत घातला. बाहेर पिंपावर झाकण पडल्याचा आवाज झाला.

“वेळ आली का नाय, ते कागदात नाय,” ते म्हणाले. “ते ज्याचं त्यालाच बघावं लागतंय.”

त्या दिवशीची सगळी रसद त्यांनी ‘मोनी’ला दिली. सगळी. आठ तुकड्यांना शून्य. बत्तीस वर्षांत आणि नऊ लढायांत त्यांनी असं कधी केलं नव्हतं. “बाकीच्यांनी आजच्या दिवस भागवा,” ते पडद्याला म्हणाले. आणि मग त्यांनी तिला पुलावर धाडलं.

ती पूल ओलांडून गेली. पलीकडे धुकं होतं, नकाशावर काही दिसत नव्हतं, आणि कोठारातली गाडी पुलाच्या पुढं जात नव्हती. आप्पासाहेबांनी ‘दिवस संपला’ दाबलं. पुन्हा दाबलं. पंधराव्या दिवशी पलीकडच्या गावावर झेंडा चढला आणि पडद्यावर ‘विजय’ अशी अक्षरं आली.

मोनिकाचे दोन्ही हात तोंडावर होते. आप्पासाहेब अक्षरांकडे बघत नव्हते. ते धुक्याकडे बघत होते.

“मोने,” ते म्हणाले, “ही आता वापस कशी येती?”

डाव संपून पडदा बंद होईपर्यंत बोलायचं नाही, असा नियम होता आणि अजून आकडे सरकत होते. आप्पासाहेबांनी दोन्ही पानं पुढून-मागून पाहिली. त्यात ते लिहिलेलं नव्हतं. मोनिकानं त्यांच्या हातातून पान घेतलं, अगदी तळाशी एक ओळ लिहिली आणि परत दिलं. त्यांनी बोट लावून वाचलं.

“पूल आपल्याकडे असेल, तर पुढे गेलेली तुकडी केव्हाही परत येऊ शकते.”

“अस्सं,” आप्पासाहेब म्हणाले. “मंग पूल सोडायचा नाय.”

बाहेर चतुराबाई पायरीवर बसल्या होत्या, गुडघ्यापर्यंत ओल्या. घरातलं प्रत्येक भांडं भरलेलं होतं. वरण ठेवायची वाटीसुद्धा. त्यांनी काय झालं ते विचारलं नाही. आप्पासाहेब त्यांच्या शेजारी बसले आणि त्यांच्या हातातली रिकामी बादली काढून घेतली. त्या संध्याकाळच्या चहात साखर बरोबर होती.

जूनमध्ये मोनिका पुण्याला गेली. पहिल्या रविवारी तिचा फोन आला. खोली बरी आहे, ऑफिस थंड आहे, नळाला रोज पाणी येतं आणि त्याची भीती वाटते. सूचना कंपनीला पसंत पडल्या, गाडी दिवस मावळायच्या आत परत येण्याची तर साहेबांना फारच. छापायलाही गेल्या.

“फक्त शेवटची ओळ काढली, आप्पा,” ती म्हणाली. “ती तुकडी परत येण्याची. खेळात तशी सोय नाहीये म्हणे. मला माहीत होतं.”

आप्पासाहेबांनी वर पाहिलं. मूळ पान समोरच्या भिंतीवर, कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवलेलं होतं.

“त्यायच्या नकाशात नसंल,” ते म्हणाले.